गिटारची बॉडी तारेला टांगून रंगवायची का? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा नीट वाचली आणि मग लिहायला बसलो. तुम्ही गाड्या रंगवण्यात आयुष्य काढलंय, तेव्हा स्प्रे गनचा हात तुमचा माझ्यापेक्षा पक्का असणार, त्यात वादच नाही. पण रंगवताना गिटारची बॉडी, म्हणजे तिचं लाकडी धड, धरायच्या घरगुती साधनांवर मी जे लिहिलं त्याबद्दल तुम्ही म्हणता की हा सगळा उगाचचा पसारा आहे, एक तार भोकातून ओवायची, वाशाला टांगायची आणि मारायचा रंग. शिवाय गळा बॉडीत जिथे बसतो त्या खाचेत मी सांगितली तशी लाकडी पट्टी बसवली की ती खाच कोरी राहते, हे कच्चं काम दिसतं, स्क्रू घालून काढून भोकं ढिली होतात, आणि एवढं करायचंच असेल तर तयार स्टँड विकत घ्यावा, पोरांना जुगाड शिकवू नये. तुमचे मुद्दे असे आहेत ना? एकेक घेतो, पण तुमच्या क्रमाने नाही, कारण खरा मुद्दा तारेचा आहे आणि त्यावर मला जास्त बोलायचंय.

तार वाळवायला चांगली आहे, हे आधीच मान्य करतो. रंग मारायला मात्र नाही. गाडीचा दरवाजा किंवा बोनेट तुम्ही टांगता तेव्हा ते अंगानेच जड आणि रुंद असतं. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीची साधी बॉडी साधारण दोन किलोच्या आसपास भरते, एका तारेवर टांगली की गनच्या हवेनेच फिरायला लागते. फिरली की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, गन आणि लाकूड यांच्यातलं अंतर क्षणोक्षणी बदलतं, एक कड जवळ येते तिथे ओघळ, दुसरी लांब जाते तिथे रंग सुकाच पोचतो आणि हाताला खरखर लागते. मग माणूस काय करतो, डाव्या हाताचं बोट लावून थांबवतो. ते बोट कुठेतरी उमटतंच. दोन तारा लावल्या तर फिरणं थांबतं पण मागेपुढे झोका चालूच, आणि दुसरी तार ओवायला बॉडीला योग्य जागी भोक तरी हवं.

त्यातून गिटारच्या बॉडीला सपाट भाग कमी आणि कडा जास्त. दोन शिंगं, त्यांच्या आतली वळणं, कंबरेची खोलगट जागा, मागे पोटाला टेकते तिथला उतार. रंग पहिल्यांदा उडतो, घासताना पहिल्यांदा लाकूड उघडं पडतं ते या कडांवरच, म्हणून मी कडा आधी मारतो आणि मग मागची बाजू, पुढची बाजू. सगळी कड एका दमात, न थांबता, सारख्या अंतरावरून मारायची तर आपण बॉडीभोवती फिरण्यापेक्षा बॉडी आपल्यासमोर फिरली पाहिजे, आणि ती आपल्या मर्जीने फिरली पाहिजे, वाऱ्याच्या नाही. चवथीच्या आधी कुठल्याही चित्रशाळेत जाऊन बघा, कारागीर गणपतीभोवती प्रदक्षिणा घालत नाही, मूर्तीखालचा पाट फिरवतो.

आता गोव्याचं सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की परदेशातलं बघून इथे करायची गरज नाही. माझ्या मते उलट आहे, इथेच जास्त गरज आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी स्प्रे बूथ नाही. रंग मारायचा पडवीत किंवा अंगणात मोकळ्या हवेत, आणि वाळवायचा आत खोलीत दार लावून, कारण बाहेर ठेवला तर तांबडी धूळ बसते, माडाखाली असाल तर वरून काय पडेल सांगता येत नाही, आणि संध्याकाळी दिवा लावला की चिलटं थेट ओल्या क्लिअरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, येऊन बसतात. म्हणजे ओली बॉडी उचलून आत न्यायची आहे, दाराच्या चौकटीतून, कुठेही न टेकवता. वाशाला तारेने बांधलेली बॉडी कशी न्याल? तार सोडायची तर एका हाताने बॉडी धरावी लागते, आणि ती तर ओली आहे. माझ्या सगळ्या खटाटोपाचं मूळ हेच आहे. धरायचं साधन असं हवं की त्यावर रंगही मारता यावा, त्यावरच बॉडी फिरवता यावी, तेच हातात धरून आत नेता यावं आणि त्यालाच टांगून वाळवता यावी. चारही कामं एका साधनात, आणि लाकडाची रंध्रं बुजवणाऱ्या पहिल्या सीलरपासून शेवटच्या क्लिअरपर्यंत ते निघता कामा नये.

ते साधन म्हणजे एक पट्टी, दुसरं काही नाही. मी १८ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय घेतो, सुताराकडे तुकडा पडलेला असतोच, सागाची सरळ पट्टी असली तरी चालेल. रुंदी ४० मिमी. खाचेची रुंदी साधारण ५६ मिमी असते, म्हणजे पट्टी मुद्दाम अरुंद ठेवायची, दोन्ही बाजूंना ८-८ मिमी मोकळं. अनेक जण पट्टी खाचेत घट्ट बसेल अशी कापतात, आणि मग रंगाचा थर पट्टीवरून लाकडावर असा सलग चढतो, शेवटी पट्टी काढताना खाचेच्या तोंडाशी रंगाचा टवका घेऊनच निघते. अरुंद पट्टीला हा त्रास नाही. लांबी अशी घ्यायची की बॉडीच्या बाहेर हातभर तरी उरली पाहिजे, म्हणजे हात फवाऱ्याच्या बाहेर राहतो.

स्क्रूंच्या मुद्द्यावर तुमची शंका रास्त आहे, लाकडात चावणारे स्क्रू वारंवार घातले तर ते लाकूड खातात. पण बोल्ट-ऑन बॉडीची, म्हणजे जिला गळा चिकटवलेला नसून स्क्रूने आवळलेला असतो तिची, चार भोकं आरपार असतात, स्क्रूचे आटे गळ्यात चावतात, बॉडीत नाही. म्हणून मी स्क्रू वापरतच नाही, ४ मिमीचे स्टेनलेसचे बोल्ट वापरतो. हिशेब सोपा आहे. बॉडीची जाडी ४५ मिमीच्या आसपास, खाच १६ मिमी खोल, म्हणजे खाचेखाली २९ मिमी लाकूड उरतं, त्यात १८ मिमीची पट्टी आणि वॉशर-नट धरले की ६० मिमीचा बोल्ट बरोबर बसतो. डोकं मागच्या बाजूला वॉशर घालून, तिथे नंतर धातूची नेक प्लेट येते आणि खूण झाकली जाते. पाकळीचे नट पुढच्या बाजूला, हाताने आवळता येतात, पाना लागत नाही. पट्टीवर भोकं पाडायला नेक प्लेटच ठेवून पेन्सिलने खूण करायची, चार भोकांमधलं नेहमीचं अंतर ३८ बाय ५१ मिमी असतं, पण स्वस्तातल्या बॉडीत थोडं इकडेतिकडे असतं म्हणून मोजण्यापेक्षा खूण बरी. स्टेनलेसच का, तर आपल्या खाऱ्या दमट हवेत साधी तार आणि साधा खिळा कधी गंजेल नेम नाही, आणि वॉटर-बेस्ड सीलर असेल तर तो गंज लाकडात उतरतो, पांढऱ्या किंवा पिवळट रंगाखालून तपकिरी डाग दिसतो. तारेवर माझा राग आहे त्याचं हेही एक कारण.

फिरवण्यासाठी मी भंगारातल्या ऑफिसच्या खुर्चीचा खालचा भाग घेतलाय. बसायची गादी काढली की वर लोखंडी प्लेट उरते, तिच्यावर प्लायचा तुकडा बोल्टने बसवला, त्यावर दोन लाकडी ठोकळे उभे, मधे पट्टी घट्ट सरकेल एवढी फट. पट्टी त्या फटीत वरून उभी सोडायची, म्हणजे बॉडी उलटी उभी राहते, खाच खाली आणि ढुंगण वर. पायाने किंवा डाव्या हाताने खालचा प्लाय फिरवायचा, बॉडीला हात लावायची गरजच नाही. कडा झाल्या, मागची बाजू झाली, पुढची झाली, पट्टी वर ओढून बॉडी उचलली आणि आत नेली. पट्टीच्या टोकाला डोळ्याचा, म्हणजे डोक्याशी गोल कडी असलेला, बोल्ट आहे, त्यात मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो मोठा स्टीलचा स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, अडकवलाय, आत छताच्या हुकाला टांगली की झालं. तिथे ती हळूहळू फिरली तरी हरकत नाही, उलट सगळीकडून सारखी हवा लागते. म्हणजे तुमची टांगायची पद्धत मी सोडलेली नाही, तिला तिच्या जागी ठेवलंय.

शेवटच्या जाड क्लिअरसाठी मात्र मी बॉडी आडवी धरतो, पट्टी टेबलाच्या काठाला दोन क्लँपने आवळून. आडव्या पृष्ठभागावर क्लिअर पसरून सपाट होतो, उभ्यावर खाली सरकतो. आडव्यावर धूळ जास्त बसते, म्हणून जमिनीवर आधी पाणी मारायचं. वेळ सकाळची, उन्हाने दंव गेल्यावर आणि समुद्राकडचं वारं सुटायच्या आधी. ती दोनेक तासांची फट सापडली की काम सुंदर होतं. जून ते सप्टेंबर मी नायट्रो लॅकरला, म्हणजे थिनर उडून वाळणाऱ्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला, हातच लावत नाही, हवेत आर्द्रता ८५-९० टक्क्यांपर्यंत असते, थिनर उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि लॅकर पांढुरका होतो. तुम्ही म्हणता की अशा हवेत कुठलंही स्टँड काही कामाचं नाही, तर हवेचा दोष स्टँड घालवत नाही हे खरं, पण ओली बॉडी पटकन आत कोरड्या खोलीत नेणं हा त्यावरचा अर्धा उपाय आहे आणि तो पट्टीशिवाय जमत नाही.

खाच कोरी राहण्याचं. काका, ती कोरीच राहायला हवी. खाचेच्या भिंतींवर रंगाचे थर चढले की गळा घट्ट होतो, जोर लावून बसवला की कोपऱ्याशी रंगाला तडा जातो, असे तडे कितीतरी गिटारींवर दिसतात. म्हणून मी खाचेच्या तळाला आणि भिंतींना मास्किंग टेप लावतो, काठाच्या किंचित खाली, आणि शेवटचा थर अजून मऊ असतानाच हळू ओढून काढतो. लाकडाला लाकूड टेकलं पाहिजे, मधे रंग नको.

आणि कच्चं काम म्हणाल तर हे ऐका. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या फेंडर कारखान्यात पन्नासच्या दशकात बॉडीच्या पुढच्या बाजूला, पिकगार्डखाली, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली, लपतील अशा जागी, छोटे खिळे ठोकत. पुढची बाजू रंगवून बॉडी उलटवायची, ती त्या खिळ्यांच्या पायांवर उभी राहायची, मग मागची बाजू आणि कडा मारून तशीच वाळवायची. साठच्या दशकात खाचेत पट्टी स्क्रू करायची पद्धत आली आणि तेव्हापासून त्या गिटारींच्या खाचेत पट्टीच्या आकाराची कोरी जागा दिसते. आज जुनी गिटार घेणारे लोक खिळ्यांची भोकं आणि ती कोरी जागा उघडून बघतात, खरी की नक्कल ते ठरवायला. ज्यांनी १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली त्यांच्याच कारखान्यातली ही रीत आहे, मी घरी बसून काढलेली नाही.

तयार स्टँड ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा, मी कुणाला अडवत नाही. पण आपल्याकडे वाडीवाडीत गिटार वाजवणारी पोरं आहेत, कुणी तियात्राच्या, म्हणजे कोकणी संगीत नाटकाच्या, बँडमधे, कुणी चर्चमधे, कुणी शाळेच्या गॅदरिंगला, जुनी गिटार कुणाकडून तरी मिळालेली असते आणि ती स्वतः रंगवायची हौस असते. त्यांना पैसे रंगावर, चांगल्या पॉलिश पेपरवर आणि मास्कवर घालू दे. मास्कचं तुम्हालाही कळकळीने सांगतो काका, गाड्यांचं टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचं, क्लिअर असतं त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतात, नाकाला रुमाल बांधून ती वाफ अडत नाही, आणि त्याने दमा जडू शकतो. पोरांना मी घरी टू-के मारू नका असंच सांगतो.

ज्या गिटारीचा गळा चिकटवलेला असतो, लेस पॉल धर्तीची, तिला पट्टी लावता येत नाही हा तुमचा मुद्दा बरोबर. तिथे हेडस्टॉकच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाच्या, चाव्यांच्या भोकातून हुक घालून टांगायची, आणि खाली पट्ट्याच्या बटणाच्या भोकात एक लांब स्क्रू घालून तोच मुठीसारखा धरायचा, म्हणजे फिरणं हातात राहतं. अकूस्टिकला गळा बसवायच्या आधी आतल्या ठोकळ्याला पट्टी लावता येते, आणि मधल्या गोल भोकात फुगा घालून फुगवला की आत रंग जात नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की बास गिटारचं काय, तिची बॉडी मोठी आणि जड. तिच्यासाठी प्लाय नको, २० ते २५ मिमी जाडीचं सागाचं लाकूड घ्या, जाडी वाढली तेवढे बोल्ट लांब घ्या, आणि खुर्चीच्या पायावर विटा ठेवून तो जड करा, नाहीतर बॉडी वर असल्याने कलंडते. आडवी धरायची वेळ आली तर एका टोकाला क्लँप आणि दुसऱ्या टोकाला पट्ट्याच्या भोकातल्या स्क्रूखाली टेकू, दोन्हीकडून आधार हवाच. तुमच्या नातवाची बास आहे म्हणता, तर तिच्या खाचेची रुंदी आणि खोली मोजून कळवा, तिच्यासाठी पट्टी आणि बोल्ट किती मापाचे लागतील ते मी लिहून देतो.