घळीतली वाहिनी आणि मुठेकाठची वाहिनी

मी राहतो ते अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातले सॅन दिएगो हे शहर नकाशावर सपाट पठारासारखे दिसते, पण ते पठार असंख्य अरुंद घळींनी चिरलेले आहे. वस्ती वरच्या सपाटीवर आणि खाली झुडपांनी भरलेल्या घळी, अशी इथली रचना. घराघरांतले मैलापाणी उताराने आपोआप वाहून जावे आणि पंपांचा खर्च वाचावा, म्हणून गेल्या शतकात शहराने अनेक मुख्य ड्रेनेज वाहिन्या थेट या घळींच्या तळाशी टाकल्या. मी टेकोलोटे घळीत संध्याकाळी फिरायला जातो, तेव्हा पायवाटेच्या कडेला झुडपांतून डोके वर काढलेली काँक्रीटची मॅनहोल दिसत राहतात. त्या काळी या घळींना कोणी अधिवास म्हणत नव्हते. ती बिनकामाची जागा समजली जात होती. पुण्यात ओढ्यांच्या आणि नदीच्या पात्रातून ड्रेनेज लाइन टाकणाऱ्यांचा हिशेबही हाच होता.

पुढे शहर वाढत गेले, किनारपट्टीवरची बाकीची झुडपी जमीन घरांखाली गेली आणि या घळीच पशुपक्ष्यांचा आसरा होऊन बसल्या. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे कॅलिफोर्निया ग्नॅटकॅचर. जेमतेम सहा ग्रॅम वजनाचा, करड्या रंगाचा हा पक्षी मांजराच्या पिल्लासारखा आवाज काढतो आणि सेजब्रशच्या सुगंधी झुडपांखेरीज फारसा कुठे राहत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्याला संकटग्रस्त जाहीर केले. तेव्हापासून ज्या जमिनीखाली जुनी, झिजलेली वाहिनी आहे, त्याच जमिनीवर कायद्याने जपायचा पक्षी आहे, असा पेच शहरापुढे उभा राहिला.

या पेचात पहिली हार वाहिनीची झाली. वाहन नेण्यासाठी वाट काढायची तर झुडपे तोडावी लागतात, म्हणून घळीतल्या कित्येक मॅनहोलपर्यंत सफाईची गाडी वर्षानुवर्षे पोहोचलीच नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अल्वाराडो घळीतली वाहिनी पावसाळ्यात तुंबली, ते आठवडाभर कोणाच्या लक्षात आले नाही, आणि तीन कोटी गॅलनहून अधिक मैलापाणी ओढ्यातून सॅन दिएगो नदीत गेले. त्या एका वर्षात शहरात मैलापाणी बाहेर पडण्याच्या साडेतीनशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, म्हणजे सरासरी रोज एक. पर्यावरण संघटनांनी शहराला न्यायालयात खेचले, केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थाही त्यात उतरली, आणि २००७ मध्ये झालेल्या अंतिम करारानुसार वाहिन्यांची सफाई, पाहणी आणि बदल यांचे वेळापत्रक शहरावर बंधनकारक झाले. पक्ष्यासाठी लढणारे आणि वाहिनी दुरुस्त करा म्हणून लढणारे बऱ्याच अंशी एकच लोक होते, हे पुण्याच्या वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आपल्याकडे हे दोन गट वेगळे पडलेले दिसतात. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठावरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात झाडे जाणार म्हणून एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी ‘चलो चिपको’ म्हणत मोर्चा काढला. महापालिकेचे उत्तर साधारण असे असते, की मैलापाणी नदीत जाऊ नये म्हणून काठाने वाहिन्या टाकायच्या तर काठावर काम करावेच लागेल. मग झाडांच्या संख्येवर वाद होतो: किती तोडणार, किती लावणार, किती दुसरीकडे हलवणार. मी हा वाद फोनवर आणि वर्तमानपत्रांतून ऐकतो-वाचतो, आणि दर वेळी मनात येते, की यात वाहिनी कुठे आहे? तिचा व्यास, खोली, ती कोणत्या यंत्राने टाकणार, त्या यंत्राला किती रुंद वाट लागते आणि काम कोणत्या महिन्यात होणार, यांवर कोणीच भांडत नाही. खरे भांडण तिथे हवे.

सॅन दिएगोत ते भांडण आधीच होऊन गेले आहे, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. १९९७ मध्ये शहराने ८५ प्रजातींसाठी एक व्यापक संवर्धन योजना स्वीकारली. तिचा गाभा म्हणजे सरळ सौदा आहे: ठरलेली जमीन शहराने कायमची राखायची आणि त्या बदल्यात उरलेल्या भागात होणाऱ्या मर्यादित हानीची परवानगी त्याला आगाऊ मिळायची. सौदा कोणालाच पूर्ण पसंत नव्हता. पण त्यामुळे ड्रेनेजच्या अभियंत्याला दर कामाच्या वेळी पक्ष्याचे भवितव्य नव्याने ठरवावे लागत नाही. ग्नॅटकॅचरचा विणीचा हंगाम १ मार्च ते १५ ऑगस्ट असा धरलेला आहे. त्या काळात पक्ष्याच्या अधिवासात झुडपे काढायची नाहीत, आणि शेजारी काम असेल तर अधिवासाच्या कडेला आवाजाची तासाची सरासरी ६० डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. कामाआधी जीवशास्त्रज्ञ पाहणी करतो आणि त्याने थांबा म्हटले की यंत्र थांबते. तुटलेल्या झुडपांच्या बदल्यात स्थानिक झुडपेच लावायची आणि भरपाईची लागवड असेल तर ती वर्षानुवर्षे सांभाळून दाखवायची. हे वाचायला कमालीचे कंटाळवाणे आहे, आणि मला वाटते म्हणूनच ते चालते.

मुंबईत आपण दुसरे टोक पाहतो. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या नाशावर सरसकट बंदी घातली आणि सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी लागेल असे ठरवले. त्या निकालाने खारफुटी वाचली, त्याबद्दल शंका नाही. पण प्रत्येक प्रकल्प स्वतंत्रपणे न्यायाधीशांपुढे न्यायचा म्हणजे दर वेळी तोच प्रश्न पहिल्यापासून मांडायचा, आणि तोवर जुनी वाहिनी गळतच राहते.

तंत्राचा भागही समजून घेण्यासारखा आहे, कारण वादाची अर्धी धार तिथे बोथट होते. भाजलेल्या मातीच्या जुन्या पाइपांच्या सांध्यांत झाडांची मुळे शिरतात, आणि काँक्रीटचे पाइप मैल्यातून निघणाऱ्या वायूपासून बनणाऱ्या आम्लाने आतून खंगतात. असा पाइप पूर्वी खणून काढावा लागे आणि घळीच्या तळाशी लांबच लांब चर पडे. आता बहुतेक ठिकाणी राळेत भिजवलेली नळीसारखी पिशवी मॅनहोलमधून आत ढकलतात, गरम पाण्याने किंवा वाफेने ती घट्ट करतात, आणि जुन्या पाइपाच्या आतच नवा पाइप तयार होतो. घरांच्या जोडण्या यंत्रमानव आतून कापून मोकळ्या करतो. दोन मॅनहोलपाशी थोडी जागा मिळाली की मधल्या झुडपांना हात लागत नाही, आणि माणसाला आत उतरावे लागत नाही. हाताने मैला साफ करण्यावर २०१३ मध्ये कायद्याने बंदी घालूनही जिथे माणसे मॅनहोलमध्ये गुदमरून मरतात, त्या देशात या दुसऱ्या फायद्याचे वजन पहिल्याहून जास्त आहे. मात्र पाइप पार कोसळला असेल तर हा उपाय चालत नाही. वाहिनीवर वेळेत लक्ष ठेवले तरच झुडूप वाचते. दुर्लक्ष झाले की आणीबाणी येते, आणि आणीबाणीत सगळ्या नियमांना सूट मिळते.

हे वाचून कोणी इथला समाज फार निसर्गप्रेमी आहे असे समजू नये. याच शहराच्या दक्षिणेला तिहुआना नदीचे मुख आहे, तिथल्या खाजणात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरची रिजवेज रेल ही पाणकोंबडी राहते, आणि मेक्सिकोच्या सीमेपलीकडून येणाऱ्या मैलापाण्यामुळे इम्पीरियल बीचचा किनारा सलग हजारांहून अधिक दिवस बंद राहिला. ते पाणी शुद्ध करायला अमेरिकेच्या हद्दीत बांधलेले केंद्र डागडुजीअभावी खिळखिळे होऊ दिले गेले. नियमावली श्रीमंत घळींपुरती आणि दक्षिणेच्या गरीब वस्तीला वास, असे म्हणणारे इथे आहेत, आणि ते खोटे बोलत नाहीत.

पुण्याने इथले वेळापत्रक उचलून नेले तर फसगत होईल, हे मला अलीकडेच उमगले. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि वीण वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत चालते. त्यामुळे ऑगस्टच्या मध्यानंतर, पाऊस सुरू होण्याआधी, कोरडे आणि विणीविना असे दोन-अडीच महिने अभियंत्याच्या हाती लागतात. मुठेच्या काठी असे रिकामे महिने नाहीत. जून ते सप्टेंबर पात्रात उतरता येत नाही. नोव्हेंबरपासून येरवड्याच्या बाजूला, ज्याला सगळे सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतात त्या काठावर, चक्रवाक आणि इतर स्थलांतरित बदके येतात. ती परततात तोवर टिटवी उघड्या खडीवर अंडी घालू लागते, आणि वाळूच्या बेटांवर नदीसुरय. म्हणजे कंत्राटदाराचा सोयीचा काळ आणि पक्ष्यांचा काळ आपल्याकडे तंतोतंत एकमेकांवर बसतात.

म्हणून तिथे महिन्यांऐवजी जागेची वाटणी करावी लागेल: बदकांच्या थव्यांपासून दूरचे टप्पे हिवाळ्यात, खडीचे आणि वाळूचे टप्पे फेब्रुवारीच्या आत, आणि काठावर भरवस्तीतले टप्पे एप्रिल-मेमध्ये. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा करार २०१६ मध्ये झाला, त्यातून अकरा मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारायचे ठरले, आणि त्यांच्याकडे पाणी नेणाऱ्या वाहिन्या पुढची पन्नास वर्षे दुरुस्त्या मागत राहणार आहेत. कोणत्या वळणावर कोणत्या आठवड्यात कोणता पक्षी असतो, याच्या वह्या पुण्यातल्या पक्षिनिरीक्षकांकडे आहेत. त्या वह्या आज आंदोलनाच्या फलकांसाठी वापरल्या जातात. त्या निविदेच्या अटींच्या पानाला जोडल्या गेल्या, तर चर कधी आणि कुठे खणायचा हे ठरवताना महापालिकेच्या अभियंत्याला त्यांच्याकडे पाहावेच लागेल.