कॅज्युअलवर खेळणाऱ्यांनी पण गेम संपवलाय, कळलं का

सकाळी एकाची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. म्हणे 'ब्लडस्टेन्ड: कर्स ऑफ द मून' हा व्हिडिओ गेम ज्यांनी कॅज्युअल मोडवर, म्हणजे सोप्या पातळीवर, संपवला त्यांनी तो खेळलाच नाही, असल्या लोकांनी व्हिडिओ बघावेत. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

माझ्या ताईने हा गेम कॅज्युअलवर संपवलाय. तिला संधिवात आहे, उजव्या हाताचा अंगठा धड वाकत नाही. हा गेम ज्या जुन्या कॅसलव्हेनियाच्या धर्तीवर आहे, तो लहानपणी तीच खेळायची, मी बाजूला बसून नुसती ओरडायचे, ताई मागे बघ, ताई डोकं आलं! मेड्युसाचं ते डोकं, वरखाली लहरत येणारं, ज्यांनी खेळलाय त्यांना आत्ता वाचूनही राग येईल. त्या गेममध्ये उडी मारली की मारली, हवेत दिशा बदलायची सोयच नाही, आणि त्यात फटका बसला की गडी मागे फेकला जातो आणि मागे हमखास खड्डा. गेला जीव.

कर्स ऑफ द मूनच्या कॅज्युअलमध्ये हेच मागे फेकलं जाणं (नॉकबॅक) काढलंय आणि लाइफ अमर्याद दिल्यात. किल्ला तोच, राक्षस तेच. यात कोणाच्या बापाचं काय गेलं?

आणि 'ओरिजिनलचा कडकपणा' म्हणून जे नाचतात ना, त्यांनी सांगावं कुठला ओरिजिनल. १९८६ ला जपानमध्ये पहिला कॅसलव्हेनिया डिस्कवर आला तेव्हा त्यात गेम सेव्ह करता यायचा, अमेरिकेतल्या कार्ट्रिजवर ती सोय नव्हती. १९९३ ला जपानमध्ये तोच गेम कार्ट्रिजवर परत काढला तेव्हा त्यात चक्क इझी मोड होता. तिसरा भाग तर जपानमध्ये सोपा आणि अमेरिकेत अवघड, हिरोचा जोडीदार ग्रँट जपानमध्ये खंजीर फेकायचा, अमेरिकेत त्याला नुसता भोसकायला ठेवला. म्हणजे ज्यांनी हे गेम बनवले त्यांनीच वेळोवेळी सोपं-अवघड केलंय आणि हे आले सोवळं सांभाळायला.

बरं, मान्य, नॉकबॅक नसला की खड्ड्यावरून उडी मारताना पोटात जो गोळा येतो तो येत नाही. मी व्हेटरनवरच, म्हणजे अवघड पातळीवरच, खेळते, मला तो गोळा आवडतो. पण माझा अंगठा वाकतो.

या गेमचं खरं प्रेम कुठे दिसतं माहितीये? कॅसलव्हेनियाचे बरेच भाग काढणाऱ्या कोजी इगाराशीने २०१५ ला किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करायच्या साइटवर, 'ब्लडस्टेन्ड'च्या मोठ्या गेमसाठी पैसे मागितले, लोकांनी ५५ लाख डॉलरच्या वर दिले, आणि हा छोटा आठ-बिटवाला त्यातच कबूल केलेला होता. इन्टी क्रिएट्स या कंपनीने २०१८ च्या मे महिन्यात तो आणला, मोठा गेम यायच्या वर्षभर आधी. कबूल केलं होतं म्हणून कसातरी उरकला असता तर कोणी काय करणार होतं? पण बघा तरी. जुन्या मशीनवर एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं) मावायचे म्हणून गर्दी झाली की चित्रं लुकलुकायची, यांनी ती लुकलुक आणली नाही, पण पिक्सेलचा बाज तोच ठेवला. कॅसलव्हेनियाच्या तिसऱ्या भागात एका वेळी एकच जोडीदार मिळायचा, इथे चौघं, आणि लढता लढता बदलता येतात. आपला हिरो झांगेत्सू, त्याची तलवार आखूड, मिरियम उंच उडी मारते आणि खालून घसरत जाते, गेबेल वटवाघूळ होऊन उडतो, आणि म्हातारा आल्फ्रेड दोन फटक्यांत आडवा होईल असा, पण जादू जबरदस्त. चौघांचं हेल्थ वेगळं, एक पडला की चेकपॉइंटवरून उरलेल्यांना घेऊन पुढे.

आणि सगळ्यात भारी म्हणजे झांगेत्सूला हे बाकीचे तिघं भेटतात तेव्हा त्यांना सोबत घ्यायचं, मारायचं की तसंच पुढे जायचं हे आपण ठरवायचं. मारलं तर झांगेत्सूला नवी ताकद मिळते, शेवटही बदलतो. आल्फ्रेड भेटला तेव्हा मी ताईला म्हटलं, मार ना, पॉवर मिळेल. ती म्हणाली, "गप गं, म्हाताऱ्याला कशाला मारू?" आणि त्याला घेऊन शेवटपर्यंत गेली, हेल्थ कमी म्हणून त्याला जपत जपत, बॉस आला की दुसऱ्याला पुढे करायची. मध्ये हात दुखला की कंट्रोलर मांडीवर ठेवून बोटं चोळायची, पण मला हात लावू द्यायची नाही. आता हिने गेम खेळलाच नाही म्हणे! त्या पोस्टवाल्याने आल्फ्रेडकडे बघितलं तरी असेल का.

असो, चिडून बोलले असेन पण एक शब्द मागे घेत नाही. ज्यांनी अजून खेळला नाहीये त्यांनी बिनधास्त कॅज्युअलवर सुरू करा, पहिल्या वेळी तिघांनाही सोबत घ्या, कोणाला मारू नका. संपला की नाइटमेअर मोड उघडतो, त्यात झांगेत्सू नसतो, बाकीच्या तिघांना घेऊनच जायचं. तो का नसतो ते सांगत नाही, खेळून बघा आणि मग मला मेसेज करा, त्यावर खूप बोलायचंय.