आइसबर्ग म्हणजे नुसतं पाणी? त्या सॅलडवाल्या फॉरवर्डचा एकदा हिशोब करूया

सॅलडच्या पानांबद्दलचा तो लांबलचक मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेलच. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आइसबर्ग लेट्यूस (कोबीसारखा दिसणारा फिकट, कुरकुरीत गड्डा) म्हणजे नुसतं पाणी, पोषण शून्य. पान जितकं गडद तितकं पौष्टिक, आणि केल (कोबीच्या जातीची जाड, गडद हिरवी पानं) सगळ्यांचा राजा. पालक कच्चाच खा, शिजवला की लोह नि कॅल्शियम गेलं. ड्रेसिंगमधे तेलाचा थेंब नको. सुरी लावू नका, हाताने फाडा. पाकिटातली पानं तीन वेळा मीठ-व्हिनेगरच्या पाण्यातून काढा. आणि सगळ्यात शेवटी, रात्री कच्चं सॅलड खाऊच नका, पोटात सडतं.

सगळं धादांत खोटं असतं तर सोपं होतं, डिलीट केलं असतं. पंचाईत ही की यातल्या बऱ्याच वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, आणि लिहिणाऱ्याने एकेक पान वेगळं उचलून त्याला मार्क देऊन टाकलेत. ते पान माणूस एका वेळेला खातो किती, कशाबरोबर खातो, आवडीने खातो की नाक दाबून, याचा मेसेजमधे कुठे पत्ताच नाही.

आता आइसबर्ग. पाणी किती, तर साधारण ९५-९६ टक्के. बरोबर आहे. पण मग रोमेनमधे, म्हणजे लांबट हिरव्या पानांच्या लेट्यूसमधे, किती? जवळपास ९५. पालकात ९१ च्या आसपास. दुधात सुद्धा ८७-८८ टक्के पाणीच असतं, त्याला कोणी नुसतं पाणी म्हणत नाही. म्हणजे पाण्याचा आकडा दाखवून पोषण शून्य ठरवायचं हे गणितच चुकलं, बघायचं ते उरलेल्या चार-पाच टक्क्यांत काय आहे. १०० ग्रॅम आइसबर्गमधे साधारण २४ मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के, २९ मायक्रोग्रॅम फोलेट (हे एक बी व्हिटॅमिन), सव्वा ग्रॅमच्या आसपास फायबर. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला व्हिटॅमिन के रोज ९० ते १२० मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे पाचवा ते चौथा हिस्सा इथेच आला. शून्य कसं काय? हां, रोमेनच्या तुलनेत आइसबर्ग फिकं पडतं हे मान्य, फोलेट रोमेनमधे १३६ मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, व्हिटॅमिन के शंभरच्या वर, आणि व्हिटॅमिन ए तर जवळपास सतरा पट. कुणी विचारलं की दोन्हीतलं कुठलं घेऊ, तर मीही रोमेनच सांगेन. पण घरात लहान मुलं असतील आणि ती कुरकुरीत आइसबर्ग मुकाट्याने खात असतील आणि रोमेनच्या कडवट देठाला हात लावत नसतील, तर त्या घरात जास्त पौष्टिक पान कुठलं हे सांगायला तक्ता लागत नाही. शिवाय अख्खा गड्डा फ्रीजमधे बऱ्यापैकी टिकतो, वरचं सुकलेलं पान काढलं की आत ताजं असतं, आठवड्यातून एकदाच भाजी आणणाऱ्यांना हे किती कामाचं आहे ते त्यांनाच विचारा.

टिकण्याचं निघालंच आहे तर इथेच सांगून टाकते, कारण मेसेजमधे याबद्दल अक्षर नाही. पालक फ्रीजमधे ४ अंश सेल्सिअसला ठेवला तरी आठ दिवसांत त्यातलं जवळपास निम्मं फोलेट जातं, २० अंशाला ठेवला तर चारच दिवसांत. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २००४ मधे हे मोजलंय. म्हणजे "सगळ्यात पौष्टिक" म्हणून आणलेली जुडी खालच्या ड्रॉवरमधे आठवडाभर पडली तर तिचा तक्त्यातला आकडा तक्त्यातच राहिला. आणि त्या ड्रॉवरमधे सफरचंद किंवा पेअर शेजारी ठेवू नका, त्यातून इथिलीन वायू निघतो आणि लेट्यूसच्या मधल्या शिरेवर तपकिरी ठिपके पडतात, लोकांना वाटतं पान सडलं.

दुसरा मुद्दा, गडद पान आणि केलचं राजेपद. गडद रंगाचा नियम ढोबळमानाने चालतो, त्यात वाद नाही, कॅरोटिन (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) असलेली पानं गडदच असतात आणि एकाच गड्ड्याची बाहेरची हिरवी पानं आतल्या पांढुरक्या पानांपेक्षा सरस असतात (तीच आपण आधी काढून टाकतो, असो). पण केल राजा? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या जर्नलमधे २०१४ साली जेनिफर डी नोया या संशोधिकेने ४७ फळं-भाज्या तपासून, पोषणाचे मार्क देऊन एक यादी तयार केली होती, तीच यादी अर्धवट कापून असल्या मेसेजमधे फिरत असते. त्यात पहिला नंबर वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीचा, १०० पैकी १००. पालक ८६. साधं लीफ लेट्यूस ७० च्या वर, रोमेन ६३. आणि केल? ४९. राजासाहेब लेट्यूसच्या मागे उभे आहेत. रुकोला, म्हणजे रॉकेट, हे तिखटसर चवीचं सॅलडचं पान, रंगाने चांगला गडद, तो ३७ वर. आइसबर्ग १८ वर, खाली आहे पण यादीत आहे, सहा जण तर यादीत घ्यायच्या लायकीचेच ठरले नव्हते.

आता ही यादी तरी डोळे मिटून घ्यायची का, तर नाही. तिच्यातले मार्क १०० कॅलरीमागे दिलेत, वजनामागे नाही. १०० कॅलरी व्हायला आइसबर्ग ७०० ग्रॅम खावं लागेल, वॉटरक्रेस जवळपास ९०० ग्रॅम. रात्रीच्या जेवणात पाऊण-एक किलो पानं कोण खातंय, सांगा बघू? म्हणजे पहिला नंबरसुद्धा कागदावरचा. केलमधे व्हिटॅमिन के भरपूर आहे, त्यातलं कॅल्शियम अंगाला चांगलं लागतं, केलबद्दल माझी तक्रार काही नाही, फक्त त्याला सिंहासनावरून खाली उतरवून बाकीच्यांच्या रांगेत बसवा इतकंच. आणि कच्चं खायचं तर आधी जाड देठ काढा, पानं बारीक चिरा, मीठ आणि लिंबू घालून दोन्ही हातांनी चांगली मिनिट-दोन मिनिटं चोळा, पान काळपट हिरवं होऊन निम्म्यावर बसतं, मग चावायला त्रास होत नाही. बऱ्याच जणांनी हे न करता केल खाल्लंय आणि मग जन्मभरासाठी सॅलडचं नाव टाकलंय.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. घरात कोणी वॉर्फरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवायची, गोळी घेत असेल तर असले मेसेज वाचून एकदम रोज वाटीभर पालक-केल सुरू करू नका. ती गोळी व्हिटॅमिन केच्या विरोधात काम करते आणि १०० ग्रॅम पालकात ते ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. पानं बंदच करा असंही नाही, डॉक्टर प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायला सांगतात, बदल करायचा तर त्यांना विचारून.

पालक कच्चा खाण्याचा मुद्दा तर मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण ऐकायला एकदम पटतो. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. हीनी आणि वीव्हर या अमेरिकन संशोधकांनी १९८८ मधे मोजलं तेव्हा पालकातलं कॅल्शियम अंगाला लागलं फक्त ५ टक्के, दुधातलं २७-२८ टक्के. नंतर त्यांनीच केलचं मोजलं तर ते ४० टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे १०० ग्रॅम पालकात ९९ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे असं तक्ता म्हणतो, पण हातात पडतं पाचेक मिलिग्रॅम. कॅल्शियमसाठी पालक खात असाल तर सोडून द्या, पालक दुसऱ्या कारणांसाठी खा. उकळून पाणी फेकलं तर विरघळणारं ऑक्झलेट बरंच कमी होतं, २००५ च्या एका अभ्यासात वेगवेगळ्या भाज्यांत ३० ते ८७ टक्के कमी झालेलं दिसलं, पण त्याच पाण्याबरोबर फोलेट आणि व्हिटॅमिन सी पण जातं. म्हणजे काहीतरी देऊन काहीतरी घ्यायचंय, "शिजवलं की गेलं" इतकं सरळ नाही. लोहाचं म्हणाल तर ते धातू आहे, शिजवल्याने कुठे उडून जाणार? पानातलं लोह तसंही कमीच शोषलं जातं, त्याला मदत होते ती व्हिटॅमिन सीची, म्हणून पालकाबरोबर लिंबू पिळा, टोमॅटो घ्या, कच्चा असो की शिजलेला. आणि साधी गोष्ट, कढईत टाकलेला पालकाचा ढीग वाटीभर होतो, शिजवून आपण कितीतरी जास्त पालक खातो. ज्यांना किडनी स्टोनचा त्रास झालाय त्यांनी तर याच ऑक्झलेटमुळे रोजचा कच्चा पालक, स्मूदी वगैरे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत.

तेलाचा थेंब नको म्हणणाऱ्याने वर गडद पानांचं इतकं कौतुक केलंय, म्हणून जास्त गंमत वाटते. गडद पानांचं वैशिष्ट्य काय, तर कॅरोटिन, ल्युटिन ही मंडळी. ती फॅटमधेच विरघळतात. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत २००४ मधे पालक, रोमेन, गाजर, चेरी टोमॅटोचं सॅलड लोकांना तीन प्रकारे दिलं, एकदा ड्रेसिंगमधे फॅट अजिबात नाही, एकदा ६ ग्रॅम तेल, एकदा २८ ग्रॅम. फॅट-फ्री ड्रेसिंगबरोबर रक्तात कॅरोटिन जवळजवळ पोचलंच नाही. माणसं मोजकीच होती पण निकाल इतका सरळ होता की दुर्लक्ष करता येत नाही. म्हणजे या मेसेजचा चौथा मुद्दा पाळला तर दुसरा मुद्दा फुकट गेला. तेल टाकायचं नसेल तर अंडं उकडून टाका, २०१५ मधे पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात अख्ख्या अंड्यांमुळेही कॅरोटिनचं शोषण चांगलंच वाढलं होतं, काम बलकाच्या फॅटचंच. मूठभर दाणेही चालतील. आणि जेवणात बाकीच्या पदार्थांत तेल-तूप आहेच म्हणत असाल तर मग तेही त्याच ताटात आहे, वेगळ्या वेळी खाऊ नका म्हणजे झालं.

पण तेल म्हणजे ओतायचं नाही हां. २००४ मधेच बार्बरा रोल्स या अमेरिकन आहार-संशोधिकेच्या टीमने जेवणाआधी सॅलड देऊन बघितलं, हलकं मोठं सॅलड खाल्लेल्यांच्या पूर्ण जेवणाच्या कॅलरी १२ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि चीज-ड्रेसिंगने लादलेलं तेवढंच मोठं सॅलड खाल्लं तेव्हा १७ टक्क्यांनी वाढल्या. एका माणसाला एक-दोन चमचे तेल खूप झालं. ते कमी पडतंय असं वाटतं कारण पानं ओली असतात! धुतलेली पानं तशीच बोलमधे टाकली की ड्रेसिंग पानाला धरत नाही, घसरून तळाशी पाण्यात जाऊन बसतं, वरची पानं बेचव, म्हणून माणूस अजून ओततो. स्वच्छ कोरड्या फडक्यात गुंडाळून हलक्या हाताने टिपून घ्या, तेवढ्याच तेलात सगळं बोल चकाकतं.

सुरीचं एका ओळीत संपवते. बोथट सुरीने पान चेचलं जातं आणि कडा लवकर तपकिरी होतात, धारदार सुरीने तसं होत नाही, जेवायला बसण्याच्या आधी चिरणार असाल तर फाडा किंवा कापा, काही फरक पडत नाही.

आता धुणं, हा जीवाशी खेळ आहे म्हणून जरा थांबूया. पाकिटावर "धुतलेली, खायला तयार" असं लिहिलेलं असेल तर परत धुवू नका. विचित्र वाटतं पण २००७ मधे याच विषयावरच्या तज्ज्ञांच्या गटाने हेच सांगितलं, घरी पुन्हा धुवून सुरक्षितता वाढेल असं दिसत नाही, उलट आपलं सिंक, चॉपिंग बोर्ड, कच्च्या मांसाला लागलेले हात यांतून नवीन जंतू लागायची शक्यता असते. २००६ मधे अमेरिकेत पाकिटबंद पालकातून ई. कोलाय हा जंतू पसरून २०० च्या आसपास लोक आजारी पडले होते, काही दगावले, तो जंतू पानाला इतका घट्ट धरतो की घरच्या मीठ-व्हिनेगरच्या पाण्याने निघेलच असा भरवसा कोणी देऊ शकत नाही. तो मरतो शिजवल्यावर. म्हणून गरोदर बाई, खूप वयस्कर माणसं, केमो चालू असलेले पेशंट यांच्यासाठी शिजवलेल्या पालेभाज्याच बऱ्या. सुटी पानं असतील तर देठ वेगळे करा, एकेक पान वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, साबण नाही, भांड्याचं लिक्विड तर नाहीच नाही. आणि बेकिंग सोड्याचा जो अभ्यास सगळे नाचवतात ना, तो २०१७ चा, सफरचंदांवरचा, दोनच कीटकनाशकांवरचा, आणि त्यातही १२ ते १५ मिनिटं भिजवावं लागलं होतं. लेट्यूस इतका वेळ सोड्यात ठेवून बघा काय उरतं ते.

उरला शेवटचा, रात्री पोटात सडतं. पोटात ॲसिड आहे, तिथे काही सडत बसत नाही. रात्री पोट सकाळपेक्षा थोडं हळू रिकामं होतं हे खरं आहे, पण ते सगळ्याच जेवणाला लागू आहे, आणि ताटातला सगळ्यात हलका पदार्थ पकडून त्यालाच दोष द्यायचा हा कुठला न्याय? उलट टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांवर २०१५ मधे न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमधे एक छोटा अभ्यास झाला, त्यात भाज्या आणि प्रोटीन आधी, पाव आणि ज्यूस नंतर असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून औषधं बंद करायची नाहीत, पण पानं आधी खायला अडवतंय कोण? आणि सॅलड खाऊन रात्री पोट फुगतं अशी ज्यांची खरोखर तक्रार आहे त्यांनी त्या बोलमधे अजून काय काय पडतं ते बघा, कच्चा कांदा, कच्ची कोबी, राजमा, छोले. गॅस करणारी मंडळी ती आहेत. पहिल्यांदा कांदा काढून चार दिवस खाऊन बघा, लेट्यूसवर संशय नंतर घ्या.