‘मध्ये इन्सर्ट करायचंय? मग लिंक्डलिस्ट’: हे पाठांतर आता पुरे

जावाच्या मुलाखतीसाठी फिरणाऱ्या नोट्समध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘यादीच्या मध्ये सारखं इन्सर्ट करायचं असेल तर लिंक्डलिस्ट वापरा, कारण अ‍ॅरेलिस्टला पुढचे सगळे घटक सरकवावे लागतात.’ अ‍ॅरेलिस्ट म्हणजे सलग जागेत ठेवलेली यादी, लिंक्डलिस्ट म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सुट्या कड्यांची, म्हणजे नोडची. सरकवावे लागतात हे खरं. म्हणून लिंक्डलिस्ट वेगवान ठरते, हे खोटं.

‘लिंक्डलिस्टमध्ये इन्सर्ट झटक्यात होतं.’ होतं, पण नोड हातात असेल तर. आपण देतो इंडेक्स, म्हणजे यादीतला शून्यापासून मोजलेला क्रमांक. दहा हजारांच्या यादीत मधोमध काही घालायचं तर आधी एकेक नोड ओलांडत तिथवर जावं लागतं. जावा जवळच्या टोकापासून सुरुवात करते, तरी पाच हजार उड्या झाल्याच; आणि नोड मेमरीत विखुरलेले असले की प्रोसेसरच्या कॅशचा (जवळच्या वेगवान मेमरीचा) उपयोग जेमतेम. अ‍ॅरेलिस्टही तितकेच रेफरन्स (घटकांचे पत्ते) सरकवते, पण ते सलग असतात आणि जावाचं अ‍ॅरेकॉपी फंक्शन त्यांना एकगठ्ठा हलवते. जावातला लिंक्डलिस्ट हा क्लास लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २०१५ मध्ये ट्विटरवर सांगून टाकलं होतं की आपण तो कधी वापरत नाही!

‘लिंक्डलिस्टने मेमरीची बचत होते.’ ६४ बिट हॉटस्पॉटवर (जावा चालवणाऱ्या नेहमीच्या इंजिनावर), नेहमीच्या सेटिंगमध्ये, एक नोड २४ बाइट खातो. अ‍ॅरेतला रेफरन्स ४.

‘अ‍ॅरेलिस्ट घ्यायचीच तर कपॅसिटी आधी द्या, मग कुठेही घाला.’ कपॅसिटी म्हणजे राखून ठेवलेली जागा; ती १० दिली तरी साइझ, म्हणजे प्रत्यक्ष घटकांची संख्या, शून्यच असते. तिसऱ्या इंडेक्सवर घालायला गेलात की इंडेक्सआउटऑफबाउंड्स हा एरर ठरलेला. शून्यापासून साइझपर्यंतचेच इंडेक्स चालतात. साइझइतका दिला तर घटक शेवटी जोडला जातो.

वेब सर्व्हिसमध्ये तर या वादापेक्षा मोठी भानगड वेगळीच असते: इंडेक्स क्लायंटकडून येतो. जेसन पॅचमध्ये, म्हणजे जेसन डेटात काय बदलायचं ते कळवायच्या प्रमाणित पद्धतीत (आरएफसी ६९०२, २०१३), ‘अ‍ॅड’ला इंडेक्स द्यायची सोय आहे, तो यादीच्या लांबीपेक्षा मोठा चालत नाही, आणि शेवटी जोडायला नुसता ‘-’ पुरतो. पण दोघांनी एकच यादी पाहून ‘दुसऱ्या इंडेक्सवर घाला’ म्हटलं, तर उशिरा पोचलेल्याला अपेक्षित होता तो शेजारी तिथे राहिलेलाच नसतो. एरर येत नाही, क्रम मात्र बिघडतो. क्लायंटकडून विनंतीच्या इफ-मॅच हेडरमधून ईटॅग, म्हणजे त्याने पाहिलेल्या आवृत्तीची खूण, मागा. जुळला नाही तर ४१२ (‘अट पूर्ण झाली नाही’ हा एचटीटीपी कोड) परत करा. लिस्ट कुठलीही घेतलीत तरी हे काम ती करून देणार नाही.