गालापागोसला जाताय? मग क्विटोला चार रात्री द्या

दक्षिण अमेरिकेच्या सहलींचे जे आराखडे हल्ली व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, त्यात इक्वाडोरची राजधानी असलेल्या क्विटोच्या वाट्याला हमखास एकच रात्र येते. रात्री उतरा, झोपा, पहाटे गालापागोसचं विमान पकडा. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. युनेस्कोने 1978 मध्ये जागतिक वारशाची पहिली यादी काढली, तेव्हा जगभरातून फक्त 12 ठिकाणं घेतली होती. त्यातली दोन एकट्या इक्वाडोरची: गालापागोस बेटं आणि क्विटोचं जुनं शहर. पहिल्यासाठी लोक लाखो रुपये मोजतात आणि दुसऱ्याच्या दारातून तसेच परततात.

आधी उंचीचं बोलू, कारण सगळं तिथेच बिघडतं. शहर 2,850 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दुपटीहून उंच. डोकं जड होणं, जिना चढताना धाप लागणं, रात्री झोप मोडणं हे पहिल्या दिवशी बहुतेकांना होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिले 24 तास सपाट रस्त्यावर थोडं चाला, पाणी प्या, रात्री हलकं जेवा आणि दारूला हात लावू नका. गोळ्या घ्यायच्या असतील तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवा. विमानतळ 2013 पासून शहराबाहेर ताबाबेला इथे, सुमारे 2,400 मीटरवर आहे. वय जास्त असेल किंवा दम्याचा त्रास असेल, तर पहिली रात्र त्याच खोऱ्यात काढून दुसऱ्या दिवशी वर शहरात या. शरीराला तेवढीच सवड मिळते.

लोक नेमकं उलटं करतात. पहिल्याच सकाळी आकाश निळं दिसलं की टेलेफेरिको, म्हणजे तिथला रोपवे, गाठतात. तो पिचिंचा डोंगराच्या उतारावर जवळजवळ 4,000 मीटरपर्यंत नेतो, आणि मग वर चक्कर आणि उलट्या. रोपवे तिसऱ्या-चौथ्या दिवसासाठी ठेवा, सकाळी लवकर जा आणि जाड जाकीट न्या. डोकेदुखी थांबत नसेल किंवा चालताना तोल जात असेल, तर ‘जरा बसून बघू’ म्हणू नका, लगेच खाली उतरा.

विषुववृत्त अगदी जवळ, त्यामुळे वर्षभर सूर्य सकाळी सव्वासहाच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी साधारण तेवढ्याच वाजता मावळतो. जून ते सप्टेंबर कोरडे दिवस. एरवी सकाळ स्वच्छ आणि दुपारनंतर पाऊस हा नेहमीचा क्रम, म्हणून बाहेरचं सगळं दुपारी एकच्या आत उरका. हवा गार लागते आणि ऊन मात्र कातडी सोलतं. टोपी आणि सनस्क्रीन हवंच.

जुन्या शहरात जायला मेट्रो उत्तम. डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेली 22 किलोमीटरची एकच मार्गिका आहे, 15 स्थानकं. ‘सान फ्रान्सिस्को’ला उतरलात की त्याच नावाच्या चौकात बाहेर पडता. तिथून पायी ला कोम्पान्यिया हे जेझुइट पाद्र्यांचं चर्च बघा. 1605 ला काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला 160 वर्षं लागली. आत छतापर्यंत सोन्याचा वर्ख. घाईत असाल तर एवढं एकच चर्च बघा, पण निवांत बसून. बॅसिलिका या दुसऱ्या मोठ्या चर्चची गंमत वेगळी. युरोपातल्या चर्चवर जिथे राक्षसी तोंडं असतात, तिथे इथे इग्वाना, कासवं आणि आर्मडिलो (अंगावर कवच असलेला तिकडचा प्राणी) कोरलेत. मनोऱ्यात चढता येतं, मात्र शेवटचा टप्पा उभ्या लोखंडी शिडीचा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच हात जोडावेत.

पानेसियो टेकडीवरच्या ॲल्युमिनियमच्या पंखवाल्या मेरीच्या पुतळ्याकडे पायऱ्यांनी चढत जाऊ नका. त्या वाटेवर लुटालूट होते. टॅक्सीने जा आणि तीच टॅक्सी थांबवून ठेवा. रस्त्यावरची कुठलीही टॅक्सी पकडण्यापेक्षा ॲपवरून किंवा हॉटेलमधून बोलावलेली बरी. अंगावर कोणी काहीतरी सांडलं आणि दुसरा पुसायला धावला, तर आधी पाकीट सांभाळा.

आता विषुववृत्ताची ती रेघ. ‘मिताद देल मुंदो’ या स्मारकाच्या पिवळ्या रेघेवर दोन पाय ठेवून सगळे फोटो काढतात. जीपीएसनुसार खरी रेषा तिथून सुमारे 240 मीटर उत्तरेला आहे! खिळ्यावर अंडं उभं करण्याचे आणि बेसिनमधलं पाणी उलटसुलट फिरवून दाखवण्याचे खेळ शेजारी चालतात, ते निव्वळ हातचलाखी. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एवढ्याशा भांड्यात दिसतच नाही. तरी अर्धा दिवस द्या, कारण पृथ्वीचा आकार मोजायला आलेल्या फ्रेंच मोहिमेने 1736 पासून याच परिसरात काम केलं, आणि ती कहाणी खरी आहे.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, फक्त शब्द नीट वापरावे लागतात. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर अनेक ठिकाणी कोंबडी येते, कारण ‘कार्ने’ म्हणजे त्यांच्या लेखी मुख्यतः गोमांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही सांगा, आणि सूप कोंबडीच्या पाण्यातलं नाही ना तेही विचारा. बटाटा, चीज आणि ॲव्होकाडोचं लोक्रो, बटाट्याच्या टिक्क्यांसारखे यापिंगाचो, आणि चोचो या कडधान्याचं लिंबू पिळलेलं सेविचे जरूर खा. टेबलावरची ‘आही’ चटणी आपल्या जिभेला बरी वाटते. स्वतः रांधणार असाल तर लक्षात ठेवा, इथे पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय तूरडाळ शिजायची नाही. घरून इंडक्शन शेगडी नेऊ नका, वीज 120 व्होल्टची आहे.

चलन 2000 सालापासून अमेरिकन डॉलर. 50 आणि 100 च्या नोटा दुकानदार घेत नाहीत, 1, 5 आणि 10 च्या न्या.

भारतीय पासपोर्टला 2019 पासून व्हिसा लागतो. सध्याचे नियम आणि सवलती दूतावासाकडून तपासूनच तिकीट काढा. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्यामुळे अनेकांना ॲम्स्टरडॅम सोयीचं पडतं.

आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे यलो फीव्हरची लस. भारत इक्वाडोरला या रोगाचा देश मानतो. परतताना प्रमाणपत्र नसेल तर मुंबईत उतरल्यावर थेट विलगीकरणात, 6 दिवसांपर्यंत. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होतं, तेव्हा शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. प्रमाणपत्राचं ते पिवळं पुस्तक चेक-इन बॅगेत टाकू नका, पासपोर्टसोबत हातात ठेवा.