फुटबॉलची तिजोरी आणि बास्केटबॉलची भरती : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार. अमेरिकन विद्यापीठांतील फुटबॉल आणि बास्केटबॉल यांच्या संबंधावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, याबद्दल आभार. विद्यापीठाच्या फुटबॉलचे यश आणि पैसा यांचा बास्केटबॉलच्या भरतीवर, म्हणजे शाळकरी खेळाडूंना आपल्याकडे ओढण्यावर, परिणाम होतो, असे मी त्यात म्हटले होते. (नव्या वाचकांसाठी : फुटबॉल म्हणजे येथे हेल्मेट घालून खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल.) आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. फ्लोरिडा विद्यापीठाचे मी दिलेले उदाहरण कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. कॅन्सस, कनेटिकट, व्हिलानोवा आणि गोंझागा ही विद्यापीठे माझ्या म्हणण्याच्या नेमकी उलट साक्ष देतात. आणि सतरा-अठरा वर्षांचा बास्केटबॉलपटू प्रशिक्षक, खेळायला मिळणारी मिनिटे आणि एनबीए या व्यावसायिक लीगकडे जाणारा मार्ग पाहून विद्यापीठ निवडतो, शेजारच्या मैदानावर कोण जिंकले याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या फ्लोरिडाच्या संघाचा कणा असलेले जोआकिम नोआ, अल हॉरफर्ड, कोरी ब्रुअर आणि टॉरिअन ग्रीन हे चौघे २००४ मध्ये तेथे दाखल झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फुटबॉल प्रशिक्षक रॉन झूक यांना हंगामाअखेर निरोप देण्याचा निर्णय जाहीर झाला होता, म्हणजे फुटबॉलचे दिवस तेथे मुळीच बरे नव्हते. अर्बन मायर यांच्या फुटबॉल संघाने ओहायो स्टेटला ४१-१४ असे हरवून विजेतेपद मिळवले ते जानेवारी २००७ मध्ये, तोवर बास्केटबॉलचा पहिला चषक घरी येऊन नऊ महिने झाले होते. परिणाम कारणाच्या आधी येऊ शकत नाही. एकाच शैक्षणिक वर्षात दोन्ही विजेतेपदे पटकावणारे पहिले विद्यापीठ, या झगमगाटाने मी भुललो. लेखातील ते वाक्य मी काढून टाकले आहे.

कॅन्ससबाबत मात्र आपण दाखवलेले चित्र अर्धे आहे. २०१० ते २०२१ या बारा हंगामांत त्यांच्या फुटबॉल संघाला एकदाही तीनपेक्षा अधिक सामने जिंकता आले नाहीत, आणि तरीही बास्केटबॉल संघाने २००५ ते २०१८ अशी सलग चौदा वर्षे बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) नियमित हंगामातील अग्रस्थान, कधी एकट्याने तर कधी वाटून घेत, सोडले नाही आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. म्हणजे फुटबॉलमधील हार-जीत भरतीला आडवी आली नाही, हे आपले म्हणणे येथे खरेच ठरते. परंतु २०१० च्या उन्हाळ्यात टेक्सस, ओक्लाहोमा आदी विद्यापीठे फुटबॉलच्या पैशासाठी पश्चिमेकडील कॉन्फरन्समध्ये जाण्याच्या बेतात होती आणि बिग ट्वेल्व्ह मोडण्याच्या काठावर होती, तेव्हा बास्केटबॉलची एवढी थोर परंपरा असूनही आपण उद्या कोणाबरोबर खेळणार, हे कॅन्ससला सांगता येत नव्हते. ती कॉन्फरन्स तगली म्हणून कॅन्ससच्या प्रशिक्षकांना मुलांच्या घरी जाऊन तेच वेळापत्रक दाखवता आले.

कनेटिकटचे तसे झाले नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण आपण माझ्या विरोधात का घेतले याचे मला नवल वाटले. जुनी बिग ईस्ट कॉन्फरन्स २०१३ मध्ये दुभंगली ती फुटबॉलपायीच. सिराक्यूज आणि पिट्सबर्ग एसीसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेले. व्हिलानोवा, जॉर्जटाउन, सेंट जॉन्स यांच्यासह बास्केटबॉलला प्राधान्य देणारी सात कॅथलिक विद्यापीठे बिग ईस्ट हे नाव घेऊन वेगळी झाली. आणि वरच्या श्रेणीचा फुटबॉल संघ बाळगणारे कनेटिकट तल्सा, ह्यूस्टन आणि न्यू ऑर्लिन्सच्या संघांबरोबर अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये उरले. २०१४ चे विजेतेपद त्यांनी जुन्या पुंजीवर मिळवले. त्यानंतर २०२० पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत ते केवळ एकदा, २०१६ मध्ये, पोहोचले. न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या परिसरातील मुलाला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील बिग ईस्ट स्पर्धेचे जे आकर्षण असते, ते दूरच्या तल्सातील सामन्याचे कसे असणार? २०२० मध्ये बास्केटबॉलसाठी ते बिग ईस्टमध्ये परतले, फुटबॉल संघाला कॉन्फरन्सविना स्वतंत्र खेळण्याची पाळी आली, आणि २०२३ व २०२४ अशी सलग दोन विजेतेपदे आली. याचे सारे श्रेय परतण्याला देणे चुकीचे होईल, कारण प्रशिक्षक डॅन हर्ली २०१८ पासूनच तेथे होते. तरीही सहा-सात वर्षांची ती ओढाताण फुटबॉलनेच ओढवून घेतलेली होती, हे नाकारता येईल असे मला वाटत नाही.

फुटबॉलच्या सामन्याला भावी बास्केटबॉलपटूंना नेण्याच्या प्रथेला आपण ‘निव्वळ देखावा’ म्हटले आहे. देखावा आहेच, पण तो पंचांगाने लादलेला आहे. बास्केटबॉलमध्ये करारपत्रावर सही करण्याची पहिली मुदत नोव्हेंबरात येते, त्यामुळे अनेक मुलांच्या विद्यापीठ-भेटी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतात आणि तेव्हा बास्केटबॉलचे प्रेक्षागृह रिकामे असते. अशा वेळी मिशिगनच्या प्रशिक्षकाने मुलाला १,०७,६०१ आसनांचे भरलेले मैदान दाखवले, तर जे हाताशी आहे ते त्याने दाखवले, इतकेच. केंटकी आणि कॅन्सस यांनी ऑक्टोबरमधील पहिल्या सरावालाच उत्सवाचे रूप दिले आहे, आणि मला त्याचा एक अर्थ असाही दिसतो की त्यांना ही उणीव भासत होती. मात्र त्या एका शनिवारमुळे कोणी विद्यापीठ निवडतो, असा दावा मी मूळ लेखातही केला नव्हता.

माझ्या मते खरा परिणाम पैशात आहे, आणि येथे आपल्या आक्षेपाला मी मूळ लेखात दिले त्याहून अधिक बळ मिळते. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या ‘हाउस’ नावाच्या खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली आणि १ जुलैपासून विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. मोठ्या फुटबॉल विद्यापीठांत या रकमेची वाटणी साधारणपणे फुटबॉलला ७५ टक्के, पुरुष बास्केटबॉलला १५ टक्के आणि उरलेली महिला बास्केटबॉल व इतर खेळांना, अशी होईल असे गृहीत धरले गेले. या हिशेबाने बास्केटबॉलच्या वाट्याला जेमतेम ३१ लाख डॉलर येतात. मोठ्या फुटबॉलचा खर्च नसलेल्या सेंट जॉन्ससारख्या विद्यापीठाला तेवढ्याच मर्यादेत बास्केटबॉलवर कितीतरी अधिक उधळता येते. अर्थात मर्यादा एक आणि तिजोरी दुसरी; बिग टेन किंवा एसईसी या मोठ्या फुटबॉल कॉन्फरन्सना फुटबॉलच्या प्रक्षेपणातून मिळणारा पैसा बिग ईस्टच्या स्वप्नातही नाही, आणि बाहेरच्या पुरस्कर्त्यांचे जाहिरात-करार वेगळेच. पण जो फुटबॉल काल बास्केटबॉलचे सरावगृह बांधून देत होता, तोच आज त्याच घरात ताटातला मोठा वाटेकरी झाला आहे. माझ्या लेखात हा बदल यायला हवा होता. तो आला नाही, हा दोष माझा.

राहिले गोंझागा. तेथे १९४१ नंतर फुटबॉल संघच नाही, तरीही २०१७ आणि २०२१ मध्ये ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, आणि प्रशिक्षक चांगला असेल तर फुटबॉलवाचून काही अडत नाही, हे आपण त्यावरून म्हणता ते योग्यच आहे. आता त्यांनी पॅक-ट्वेल्व्हमध्ये जाण्याचा निर्णय घेतला आहे. त्या कॉन्फरन्सला फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत राहण्यासाठी फुटबॉल खेळणारी आठ विद्यापीठे लागतात, गोंझागा त्या मोजणीत धरले जात नाही, आणि म्हणून २०२५ च्या जूनअखेरीस टेक्सस स्टेटला आत घ्यावे लागले. गोंझागाचे प्रशिक्षक यापुढे मुलांच्या घरी जे वेळापत्रक घेऊन जातील, त्यात टेक्सस स्टेटविरुद्धचे सामनेही असतील.