सहाव्या मिनिटानंतर

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं जावं.

संध्याकाळी ऑफिसातच मोबाइलवर मॅच संपली. रांचीत हॉकीच्या पात्रता फेरीत आपल्या पोरी जपानकडून १-० नं हरल्या. पॅरिस ऑलिंपिक गेलं. घरी जाऊन कुणाशी बोलावंसं वाटेना, म्हणून कोल्हापुरात गंगावेशीत गाडी लावली आणि दूध कट्ट्यावर जाऊन उभी राहिले. शेजारी पंचविशीतली दोन पोरं, एका हातात ग्लास, एका हातात मोबाइल. एक म्हणाला, "हरल्या की रं पोरी. घरच्या ग्राउंडवर." दुसरा म्हणाला, "त्या गोलकीपरनं सहाव्या मिनिटालाच खाल्ला गोल. बायकांना प्रेशर झेपत न्हाई बघ." झालं. ग्लास रिकामा व्हायच्या आत दोघं शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलवर आले आणि तिथं मात्र कोण कुठल्या पायानं पास देतो इथपर्यंत चर्चा.

मी काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. तेव्हापासून घशात अडकून बसलंय.

सहाव्या मिनिटाला गोल खाल्ला. बरोबर, खाल्ला. पण पुढच्या चोपन्न मिनिटांचं काय? गोल खाल्ल्यावर गोलकीपर काय करते, माहीत आहे का कुणाला?

मला माहीत आहे. १९९१ साल, सांगली, विभागीय स्पर्धेची फायनल. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार. मी गोलमध्ये. पॅड आमचे नव्हतेच, मुलांच्या संघाकडून मागून आणलेले. कॅनव्हासचे, माझ्या मांडीच्या वर येणारे, दोन पट्ट्यांची बकलं गायब आणि तिथं सुतळी बांधलेली. सुरुवातीलाच पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर मारायची हुकमी संधी, मिळाला त्यांना. बॉल जमिनीलगत आला, मी उजवा पाय टाकला, सुतळी सुटली, पॅड पायावर फिरला आणि त्याच्या कडेला लागून बॉल आत. गोलच्या मागच्या फळीवर बॉल आपटला की ठक्क असा आवाज येतो. तो आवाज मला अजून ओळखू येतो. आज मोबाइलच्या स्पीकरवरसुद्धा आला.

त्यानंतर आमच्या पोरी समोरच्या गोलवर नुसत्या धडका मारत होत्या आणि मी शंभर यार्ड अलीकडं उभी. स्ट्रायकरनं चूक केली तर पुढच्या मिनिटाला ती फेडता येते. गोलकीपरला गोल फेडता येत नाही. नुसतं बघायचं. आज आपल्या गोलकीपरला, सविताला बघताना माझं तेच चाललं होतं. कॅमेरा सारखा तिकडच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, कॉर्नरवर कॉर्नर मिळतायत, एकही आत जात नाही, आणि मी मात्र कॅमेऱ्यात नसलेल्या सविताकडं बघत होते.

आता मुद्द्यावर येते. "पात्रता फेरीच तर होती." हे आज मी दिवसभरात तीनदा ऐकलं. फक्त पात्रता फेरी! आठ संघ, जागा तीन. सात दिवसांत पाच सामने. दुसरी आठ जणांची अशीच फेरी स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला, तिथंही जागा तीनच. म्हणजे सोळा देशांच्या पोरी सहा जागांसाठी एकमेकींशी भिडणार आणि दहा देश घरी. ऑलिंपिकला गेल्यावर एखादी मॅच हरली तर गटात सावरायला पुढची असते. इथं शेवटच्या दिवशी, तिसऱ्या जागेच्या मॅचला ती सोय नाही. दडपण म्हणाल तर ते इथं असतं. पदकाच्या मॅचला तर हरणारीसुद्धा ऑलिंपिक खेळून आलेली असते.

आणि खेळल्या कशा ते बघितलं का कुणी? पहिलीच मॅच अमेरिकेकडून हरल्या, ०-१. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडला ३-१. इटलीला ५-१. काल सेमीफायनल, समोर जर्मनी. दीपिकाचा गोल, मग जर्मनीचे दोन, त्यातला दुसरा ५७ व्या मिनिटाला. संपलं असं वाटलं. ५९ व्या मिनिटाला इशिका चौधरीनं बरोबरी केली. मी स्वयंपाकघरात उलथनं घेऊन ओरडले, शेजारच्या काकू विचारायला आल्या काय पडलं म्हणून. मग शूटआउट. तेवीस मीटरच्या रेषेवरून एकटी खेळाडू, समोर एकटी गोलकीपर, आठ सेकंद. ४-३. गेली. आणि झोपून उठलं की आज तिसऱ्या जागेसाठी जपान. हे झेपत नाही म्हणणाऱ्यानं आठ सेकंद मोजून बघावीत, किती मोठी असतात ती.

हो, कॉर्नर वाया गेले, हे खरं आहे. हांगझोच्या एशियन गेम्सला सुवर्ण मिळवलं असतं तर थेट तिकीट होतं आणि तिथं चीनकडून चार गोल खाल्ले, हेही खरं. मान्य. पुढं.

टोकियो आठवतंय ना सगळ्यांना? २ ऑगस्ट २०२१. ऑस्ट्रेलियाला १-० नं हरवलं, गुरजित कौरचा गोल आणि मागं भिंतीसारखी सविता. हीच सविता. त्या दिवशी माझ्या या वॉलवर तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी पोस्ट टाकल्या होत्या. "आमच्या वाघिणी." बरं वाटलं होतं, खोटं बोलत नाही. पण ते टोकियो कुठून आलं, हे एकानं तरी लिहिलं का? ते भुवनेश्वरच्या पात्रता सामन्यांतून आलं. नोव्हेंबर २०१९. अमेरिकेशी दोन मॅच, दोन्हींचे गोल एकत्र धरायचे. पहिली आपण ५-१ नं जिंकली. दुसऱ्या दिवशी हाफटाइमला अमेरिका ४-० नं पुढं. बेरीज ५-५. चोवीस तासांत सगळं पाण्यात. मग ४८ व्या मिनिटाला राणी रामपालनं एक गोल मारला. ६-५. तो एक गोल नसता तर टोकियो नाही, ऑस्ट्रेलिया नाही, वाघिणी नाहीत, काहीच नाही.

तो गोल मी घरात एकटीनं बघितला. फोन करायला कुणी सुचेना. शेवटी आमच्या सांगलीच्या संघातल्या राइट फुलबॅकला केला (नाव लिहीत नाही, ती इथं आहे, तिला आवडायचं नाही). ती म्हणाली, "मी रडालोय गं." एवढंच.

वाघिणी म्हणणारे सेमीफायनल हरल्यावर काय करतात, तेही बघितलं आपण. वंदना कटारियानं टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली. अर्जेंटिनाकडून हरल्यावर त्याच वंदनाच्या हरिद्वारजवळच्या घराबाहेर फटाके वाजवले, जातीवरून शिव्या दिल्या. संघात दलित पोरी जास्त झाल्या म्हणून हरलो म्हणे. मला हे टाइप करतानासुद्धा हात थरथरतोय. जिंकलं की देश जिंकतो आणि हरलं की कुठल्या तरी एका पोरीची जात हरते, तिचं बाईपण हरतं. आज सकाळपर्यंत नाव माहीत नसलेली माणसं संध्याकाळी गुन्हेगार शोधायला हजर. कुणी सविताच्या मागं, कुणी कोच शॉपमनच्या मागं. वंदना तर दुखापतीमुळं रांचीत खेळलीही नाही, नाहीतर तिचंही नाव आलं असतं.

सांगलीहून परत येतानाचं सांगते. आई आली होती मॅच बघायला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. तिला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन सकाळच्या एसटीनं आली आणि मैदानाच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली. परतताना गाडीत सगळ्या पोरी गप्प. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. जयसिंगपूर गेल्यावर आईनं डबा उघडला, सगळ्यांना एकेक दशमी दिली आणि मला विचारलं, "आता पुढची मॅच कधी?"

मी म्हटलं, नाही पुढची मॅच.

"म्हणजे?" म्हणाली. तिला खरंच कळलं नाही. इतक्या पोरी, इतका सराव, पहाटे पाचला उठून जायचं, आणि एकदा हरलं की पुढं काहीच नाही, हे तिला पटेना. कोल्हापुरापर्यंत ती दोनदा म्हणाली, "असं कसं असतंय?"

तेव्हा तर खरंच काही नव्हतं. मॉस्को १९८०, बायकांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली आणि आपण चौथे. दोन वर्षांनी दिल्ली एशियाडला सुवर्ण, कर्णधार एलिझा नेल्सन, आपल्या पुण्याची. आणि मग ऑलिंपिक थेट रिओ, २०१६. छत्तीस वर्षं! मी, आमची राइट फुलबॅक, आमच्या आधीच्या आणि नंतरच्या किती पोरी त्या छत्तीस वर्षांत येऊन गेल्या. रिओला बारा संघांत बारावे आलो तेव्हा लोक हसले. मी पेढे वाटले होते ऑफिसात. पोचलो होतो ना.

म्हणून आज जास्त लागलंय. पुन्हा एक फट पडली मध्ये.

कोल्हापूरबद्दल बोलले की लोकांना राग येतो, तरी बोलते. आपण खेळवेडं गाव म्हणवून घेतो. आहोतच. खासबागचं कुस्तीचं मैदान आहे, तालमी आहेत, फुटबॉलच्या पेठापेठांच्या मॅचला पोलीस बंदोबस्त लागतो. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, हे आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतो. मग मला सांगा, त्यांनी ते पदक आल्यावर केलं का? जायच्या आधी केलं. जाणं महत्त्वाचं आहे हे त्यांना कळत होतं. आणि आपण १९५२ ची गोष्ट अभिमानानं सांगत दूध पिता पिता म्हणतो, पात्रता फेरीच तर होती.

रांचीच्या संघात फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके होती. आसू. आपल्या इथून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल एवढ्यावर. किती जणांना माहीत होतं? मी आज ऑफिसात विचारलं. चौदा माणसांत एकालाही नाही. फुटबॉल आवडतो यात काही वाईट नाही, मलाही आवडतो, भाऊ खेळायचा. पण एक संध्याकाळ, एक तास, या पोरींसाठी नाही निघत? रांचीत स्टेडियम भरत होतं. सलीमा टेटे, निक्की प्रधान त्यांच्या मातीतल्या आहेत, हे झारखंडच्या लोकांना पाठ आहे. टोकियोच्या वेळी सलीमाच्या घरी टीव्हीसुद्धा नव्हता. आपल्याकडं प्रत्येक खोलीत आहे.

त्या दोन पोरांवर मघाशी जेवढी चिडले होते, तेवढी आता नाही. त्यांना कुणी दाखवलंच नाही. माझ्या स्वतःच्या भाच्याला मी कधी मैदानावर नेलं नाही, सांगलीचं सांगितलं नाही. घरात कुणालाच सांगितलं नाही. लग्नाआधी हॉकी खेळायची, एवढंच माहीत आहे सगळ्यांना, जशी एखादी भरतकाम करायची तसं.

इथं थांबणार होते. एवढ्यात फोन वाजला, आमच्या राइट फुलबॅकचा. साडेदहा वाजले होते. "बघितलीस?" म्हणाली. मग दोघी जपानच्या त्या गोलवर बोललो, कॉर्नरवर बोललो. मग ती गप्प झाली आणि म्हणाली, "एक सांगू काय? सांगलीला तुझ्या पॅडची सुतळी मी बांधलेली. हॉकी दिसली की मला दुसरं काय आठवतच न्हाई बघ. नीट गाठ मारली असती तर आपण गेलो असतो." बत्तीस वर्षं ती हे घेऊन बसली होती. भुवनेश्वरच्या रात्री फोनवर रडली तेव्हाही तेच असणार.

मग मी तिला जे सांगितलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही, वरही लिहिलेलं नाही. तिनं गाठ घट्टच मारली होती. पोटरीला रग लागत होती म्हणून मॅच सुरू व्हायच्या आधी मीच ती सैल केली. वरचं लिहिलेलं खोडत नाही, राहू दे तसंच.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "उद्या सहाला रंकाळ्यावर येतो मी. तूपण ये."